बडोद्यात क्रेटा इलेक्ट्रिक घ्यावी की कर्व्ह ईव्ही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायचा विषय बडोद्यातल्या मराठी घरांत सध्या जोरात आहे. बोलणं फिरून फिरून दोन गाड्यांवर येतं: ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आणि टाटाची कर्व्ह ईव्ही. किंमत जवळपास सारखी, आकार सारखा, दोन्ही पाच जणांच्या, म्हणून घोळ होतो. नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. माझं मत आधीच सांगतो. या दोन गाड्यांतला निर्णय शोरूममध्ये होत नाही. गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथपर्यंत वीज कशी येते आणि मागच्या सीटवर रोज कोण बसतं, यावर तो होतो.

दोन्ही गाड्या कागदावर कशा आहेत, थोडक्यात सांगा.

कर्व्ह ईव्ही आधी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये, १७.४९ लाख एक्स-शोरूमपासून. बॅटरी ४५ किंवा ५५ किलोवॉट-तासांची. क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये आली, १७.९९ लाखांपासून, बॅटरी ४२ किंवा ५१.४. मोठ्या बॅटरीच्या कर्व्हची ताकद १६७ पीएस, क्रेटाची १७१ पीएस, आणि दोन्हींत मोटर पुढच्या चाकांवर. डिकी कर्व्हची मोठी, ५०० लिटर, क्रेटाची ४३३. क्रेटाच्या बॉनेटखालीही २२ लिटरचा छोटा कप्पा आहे. फास्ट चार्जिंगचा प्लग दोन्हींना सीसीएस-२, म्हणजे हायवेवरचा एकच चार्जर दोघींना चालतो. या किमती गाड्या बाजारात आल्या तेव्हाच्या आहेत. आज बोलणी करताना आजचं लेखी कोटेशनच समोर ठेवा.

कर्व्हची रेंज ५८५ आणि क्रेटाची ४७३. मग कर्व्हच पुढे नाही का?

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

५५ च्या कर्व्हचा ५८५ किलोमीटर हा आकडा प्रयोगशाळेतल्या जुन्या चाचणीचा. चाचणीची पद्धत बदलल्यावर त्याच गाडीचा आकडा ५०२ झाला. टाटा स्वतःच आणखी एक आकडा देते, त्याला ते सी-७५ म्हणतात: बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज, ४०० ते ४२५. गाडी एकच, बॅटरी एकच, आकडे तीन. त्यामुळे एका ब्रोशरमधला आकडा उचलून दुसऱ्या ब्रोशरमधल्या आकड्याशेजारी ठेवला तर त्यातून काहीच हाती लागत नाही. आधी विचारा, हा आकडा कोणत्या चाचणीचा?

त्यापेक्षा सरळ हिशेब करा. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलं एक युनिट. या आकाराची गाडी शहरात १०० किलोमीटरला साधारण १३ ते १५ युनिट खाते. हायवेवर ९०-१०० च्या वेगाने, एसी लावून, १५ ते १८. मग ५१.४ ची क्रेटा असो की ५५ ची कर्व्ह, हायवेवर पूर्ण बॅटरीत तीनशे ते सव्वातीनशे किलोमीटर धरायचे. उजवा पाय हलका असेल तर थोडे जास्त. दोघींमधला खरा फरक पाच-पंचवीस किलोमीटरचा आहे. रेंजवरून यातली एक निवडू नका.

आम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहतो, गाडी गल्लीत लागते. चालेल का?

माझं प्रामाणिक उत्तर: आत्ता नको. रात्री घरच्या विजेवर गाडी चार्ज होणं हाच इलेक्ट्रिकचा खरा फायदा आहे. पहिल्या मजल्यावरून गल्लीत वायर सोडून चार्ज करणं धोक्याचं आहे, पावसाळ्यात तर अजिबात नको. ऑफिसमध्ये चार्जरची पक्की सोय असेल, किंवा जवळच्या एखाद्या प्लॉटमध्ये मीटरसह भाड्याची जागा मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. केवळ बाहेरच्या फास्ट चार्जरच्या भरवशावर गाडी घेतली तर खर्चही वाढतो आणि आठवड्यातून दोनदा तासभर तिथे बसावं लागतं. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार या जुन्या भागातल्या कितीतरी घरांची ही अडचण आहे, आणि गाडी कितीही चांगली असली तरी ती त्यावर उपाय नाही.

सोसायटीचे चेअरमन परवानगी देत नाहीत. काय करावं?

नियम तुमच्या बाजूने आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करायला मुभा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते.

पण नियमाचं कागद घेऊन भांडायला जाऊ नका. कमिटीच्या मनात खरी भीती दोन गोष्टींची असते: वीज कॉमन मीटरमधून जाईल का, आणि आग लागली तर? पहिलीला उत्तर, तुमच्याच मीटरवरून स्वतंत्र वायर. दुसरीला उत्तर, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडून काम आणि त्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. हे दोन कागद जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं. एक मात्र लक्षात ठेवा: हे सगळं बुकिंगच्या आधी, नंतर नाही.

घरी कोणता चार्जर लावावा? क्रेटाला ११ किलोवॉटचा मिळतो म्हणे.

मिळतो, आणि तो १० टक्क्यांपासून पूर्ण बॅटरी साधारण चार तासांत भरतो असा कंपनीचा दावा आहे. त्याला थ्री-फेज जोडणी लागते. कर्व्ह घरच्या (एसी) विजेवर ७.२ किलोवॉटपर्यंत घेते. या फरकावर शोरूममध्ये बराच जोर दिला जातो, पण तुमच्या उपयोगाचा आहे का ते तपासा. ऑफिसला रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरले तर खर्च सहा-सात युनिटांचा. साधा १५ अँपिअरचा प्लग तासाला तीन युनिट देतो. म्हणजे जेवण उरकून गाडी लावली तर झोपेपर्यंत उद्याची सोय झाली. रात्रभर लावली तर दोनशे किलोमीटर. रोज एवढं कोण फिरतं?

७.२ चा घेतला तरी भरपूर होतो, पण मंजूर लोड वाढवावा लागेल, कदाचित थ्री-फेजही घ्यावं लागेल. त्यासाठी आपल्या वीज कंपनीकडे, एमजीव्हीसीएलकडे, अर्ज. गुजरातमध्ये गाडीच्या चार्जिंगची वीजदराची श्रेणी वेगळी आहे, म्हणून स्वतंत्र मीटर आणि घरचाच मीटर या दोन्हींचा हिशेब त्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या. गुजरातच्या बिलात मूळ दरावर इंधन अधिभार (एफपीपीपीए) आणि वीज शुल्क चढतं, ते धरूनच तुलना करा.

आणि वायरिंग. याबाबत मी जरा हट्टी आहे. गीझरचा जुना प्लग पंधरा मिनिटं चालायला ठीक असतो, आठ तास सलग तेवढा करंट ओढायला नाही. तुमच्या पार्किंगमधल्या सॉकेटकडे जवळून बघा: भोकांभोवती तपकिरी कडा दिसते का, प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देतात का? तसं असेल तर तो सॉकेट आजच बदला, गाडी येवो न येवो. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, इंडस्ट्रियल सॉकेट, वेगळी एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि धड अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. अर्थिंग खराब असेल तर गाडी चार्जच घेत नाही, दिवा लाल होतो, आणि लोक गाडीला दोष देतात.

महिन्याचा खर्च किती वाचेल?

महिन्याला १२०० किलोमीटर धरू. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला साडेसोळा युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २०० युनिट. सगळं मिळून युनिटला ८ रुपये पडले तर १६०० रुपये. हेच अंतर लिटरला १२ देणाऱ्या पेट्रोल एसयूव्हीला १०० लिटर मागेल, ९५ च्या भावाने ९५०० रुपये. महिन्याला सात-आठ हजारांचा फरक.

आता तीच गाडी पूर्णपणे बाहेरच्या फास्ट चार्जरवर चालवली आणि जीएसटीसह युनिटला २२ रुपये मोजले, तर ४४०० होतात. बचत उरते, पण दोन-तृतीयांशच. महिन्याला ४००-५०० किलोमीटरच होत असतील तर जास्तीची किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतील. अशा घरांना मी स्पष्ट सांगतो: आहे ती गाडी अजून चालवा.

विश्वामित्रीला पूर आला तर? २०२४ नंतर ही भीती जातच नाही.

भीती रास्त आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. पार्किंगमध्ये उभ्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. बडोद्यात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि इतर शहरांसाठी लिहिलेल्या तुलनांत तो नसतो.

पहिली गोष्ट, पाण्यात उभी इलेक्ट्रिक गाडी सगळ्या पाण्यात वीज सोडते हा गैरसमज आहे. बॅटरीची उच्च दाबाची वायरिंग गाडीच्या सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असते, आणि गळती जाणवली की यंत्रणा बॅटरीची जोडणी तोडते. दुसरी, ‘आयपी ६७’ म्हणजे जलरोधक असं सरसकट समजू नका. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. भरून राहिलेल्या तळघरात गाडी दोन दिवस बुडून राहते, त्याची हमी यात नाही. शिवाय बॅटरी वाचली तरी सीट, वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिटं जातात. पाण्यापुढे क्रेटा आणि कर्व्ह यांत फरक करावा असं मला काही दिसत नाही. फरक तुमच्या पत्त्याचा आहे. अकोटा, मुजमहुडा, फतेगंज, समा, वडसर या बाजूला नदीजवळ आणि त्यात तळघरातलं पार्किंग असेल, तर आधी ते बघा.

मग काय करायचं? पावसाळ्याचे महिने बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. आजवा जलाशयातून पाणी सोडल्याची बातमी आली की गाडी लगेच उंचावर न्या. २०२४ मध्ये लोकांनी गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या, आणि ज्यांनी वेळेत नेल्या त्यांच्या वाचल्या. घरचा चार्जर भिंतीवर लावताना त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या वर लावा. सोसायटीत ती खूण विचारली की कोणीही दाखवतं.

पाणी शिरलंच तर गाडी सुरू करून बघायची नाही, चार्जरही लावायचा नाही. विमा कंपनीला आधी कळवा, फोटो काढा आणि गाडी फ्लॅटबेडवरच उचलून न्या, चारही चाकं जमिनीपासून वर. दोरी बांधून ओढत नेली तर पुढची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर मोटरही फिरते, आणि नुकसान वाढतं.

विम्यात झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) तर घ्याच, पण बॅटरी आणि मोटरचं पाण्यापासून संरक्षण देणारं वेगळं कव्हर आहे का ते पॉलिसीच्या शब्दांत वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर नाही. भिंतीवरचा चार्जर पॉलिसीत धरला आहे का, तेही विचारा. थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत आहे.

दिवाळीत मुंबई-पुण्याला जातो. वाटेत किती वेळ थांबावं लागेल?

बडोद्याहून मुंबई साधारण चारशे किलोमीटर. मोठ्या बॅटरीच्या दोन्ही गाड्यांना एक थांबा. घरून पूर्ण चार्ज करून निघा. वलसाडपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास होतात, तिथे तीसेक टक्के उरतात. ८० टक्क्यांपर्यंत भरा, चहा-नाश्ता करा, पुढे ठाण्या-बोरिवलीपर्यंत काळजी नाही. पुण्यासाठी दोन थांबे धरा. ४२ किंवा ४५ ची बॅटरी असेल तर वलसाडची वाट बघू नका, सुरतच्या आसपासच पहिला थांबा घ्या.

थांबा किती वेळाचा? क्रेटा १० ते ८० टक्के ५८ मिनिटांत, कर्व्ह ४० मिनिटांत, असं दोन्ही कंपन्या म्हणतात. पण क्रेटाचा आकडा ५० किलोवॉटच्या चार्जरवरचा आहे आणि कर्व्हचा ७० वा त्याहून मोठ्या चार्जरवरचा. हायवेवर होतं असं: पाटीवर ६० किलोवॉट लिहिलेलं असतं, दोन गन (गाडीत लावायच्या केबल) असतात, आणि शेजारी दुसरी गाडी लागली की तुमच्या वाट्याला ३० येतात. ३० वर क्रेटाच्या ३६ युनिटांना सव्वा तास आणि कर्व्हच्या साडेअडतीस युनिटांना जरा जास्तच. म्हणजे कर्व्हची घाई मोठा, मोकळा चार्जर मिळाला तरच उपयोगी पडते. लांबचा प्रवास वारंवार असेल तर तिचा हा गुण खरा आहे, पण त्यासाठी चार्जर निवडून थांबायची सवय लावावी लागेल.

८० च्या पुढे फास्ट चार्जरवर बसून राहू नका. शेवटच्या २० टक्क्यांना वेळ खूप लागतो, आणि दिवाळीत मागे रांग असते. एक चार्जर बंद निघाला तर पुढचा कुठे, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं.

आणि वेग. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोदा-भरुचचा नवा एक्सप्रेसवे खुला झाला, तिथे गाडी आपसूक १२० ला जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० चे १२० केले की तो पावणेदोन पटीच्या पुढे जातो. त्या वेगाने बॅटरी तीसेक टक्के जास्त खर्च होते. पंधरा मिनिटं वाचवायची आणि चार्जरवर पंचवीस घालवायची, असं होऊ देऊ नका.

वणीला सप्तशृंगीला जाताना सापुताऱ्याचा घाट चढेल का?

चढेल, आणि पेट्रोल गाडीपेक्षा सहज चढेल. माणसं आणि सामान धरून १९०० किलोची गाडी ९०० मीटर उंच न्यायला साधारण पाच युनिट जास्तीचे लागतात. उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत बॅटरीत येतात, कारण उतारावर मोटरच ब्रेक लावते आणि वीज तयार करते. म्हणून घाट चढताना टक्के भराभर उतरले तरी घाबरू नका. मात्र सुरत सोडण्याआधी बॅटरी भरून घ्या.

गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाऊन-येऊन दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर होतात. नारेश्वर तर त्याहून जवळ. पावागढ, चांदोद, एकता नगर, सगळे एका चार्जमधले. या फेऱ्यांसाठी छोटी बॅटरीही पुरते.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. मागच्या सीटवर कोणती बरी?

माझ्या मते क्रेटा. इथे मात्र दोन गाड्यांत खरा फरक आहे. कर्व्हचं छप्पर मागे उतरत जातं. बाहेरून ते देखणं दिसतं, पण मागच्या दारातून आत शिरताना ज्येष्ठांना मान वाकवावी लागते, आणि उंच माणसाच्या डोक्याला आत बसल्यावरही छप्पर जवळ वाटतं. क्रेटाचं दार सरळ, छप्परही सरळ. बॅटरी खाली असल्याने क्रेटाचीही फरशी जरा वर आली आहे, त्यामुळे मांड्यांखाली आधार कमी वाटू शकतो.

शोरूममध्ये हे तपासायची पद्धत एकच: आईंना बरोबर घेऊन जा. त्या स्वतः दार उघडून बसतील, तुम्ही हात देऊ नका. आधी बूड टेकवून मग पाय आत घेतात की आधी पाय टाकतात, डोकं कुठे लागतं, उतरताना हात कशाचा आधार शोधतो, हे नीट बघा. नऊवारी किंवा साधी साडी नेसूनच न्या, ड्रेसमध्ये नाही. मग दहा मिनिटं गाडी सुरू न करता मागेच बसून राहायला सांगा. गुडघे काय म्हणतात ते त्या सांगतीलच.

घरात दोघंच असतील आणि मागची सीट क्वचित वापरात असेल, तर हा मुद्दा सोडून द्या. मग कर्व्हची मोठी डिकी जास्त कामाची.

रोज शंभर टक्के चार्ज करावी की ऐंशी?

बॅटरीच्या रसायनावर आहे. कर्व्हमध्ये एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल आहेत. त्यांना पूर्ण चार्ज सोसतो, उलट अधूनमधून १०० टक्के केल्याने टक्क्यांचा आकडा बरोबर दाखवला जातो. क्रेटाचे सेल एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट) जातीचे, वजनाला हलके. रोजच्या वापरात ते ८० पर्यंत ठेवणं चांगलं, लांब जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री १००. गाडीत मर्यादा ठरवून देता येते, एकदा लावली की विसरून जा.

मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला एसीने रेंज किती घटते?

शहरात दहा-पंधरा टक्के धरा. हायवेवर फरक कमी जाणवतो. उन्हात तापलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावली तर चार्जिंग हळू होऊ शकतं, बॅटरी स्वतःला जपते.

वॉरंटीत कोण पुढे?

कागदावर टाटा. जुलै २०२५ मध्ये त्यांनी कर्व्ह ईव्हीला बॅटरीची ‘लाइफटाइम’ वॉरंटी जाहीर केली, म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही. ती पहिल्या खासगी मालकासाठी आहे, म्हणून गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर आधी अटी वाचा, आणि विकल्यावर पुढच्या मालकाला काय मिळेल तेही लेखी घ्या. क्रेटाच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. गाडी दहा-बारा वर्षं ठेवणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. पाच वर्षांत बदलणाऱ्यांसाठी नाही.

सुरक्षेचं काय?

कर्व्ह ईव्हीला २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले: मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.८१, मुलांसाठी ४९ पैकी ४४.८३. क्रेटा इलेक्ट्रिकला सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत. वरच्या व्हेरियंटमध्ये दोन्ही गाड्यांना लेव्हल-२ एडास मिळतं, म्हणजे पुढची गाडी थांबली तर आपणहून ब्रेक वगैरे. बडोद्यातल्या रस्त्यांवर, जिथे गाय आणि रिक्षा कुठूनही येतात, त्याच्यावर विसंबून चालवू नका.

सबसिडी, कर, इन्कम टॅक्समधली सूट?

खासगी गाडीला केंद्राची सबसिडी नाही. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ती बसत नाही. जीएसटी मात्र फक्त ५ टक्के. कर्जाच्या व्याजावरची ८०-ईईबीची दीड लाखाची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, तेव्हा कोणी ती आजच्या हिशेबात धरून दाखवत असेल तर खोडा. गुजरातने २०२५-२६ साठी इलेक्ट्रिक गाड्यांवरचा वाहनकर ६ वरून १ टक्क्यावर आणला होता, मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. गाडीची नोंदणी ज्या तारखेला होणार त्या तारखेचा दर लागतो, म्हणून कोटेशनमध्ये या कराची ओळ वेगळी लिहून मागा. पीयूसीची कटकट नाही, नंबर प्लेट हिरवी.

गाडीतून घरची उपकरणं चालतात हे खरं?

खरं, दोन्हींत सोय आहे. २०२४ च्या पुरात कितीतरी भागांत वीज नव्हती. घरचा फ्रिज दिवसाला एक-दोन युनिट घेतो, म्हणजे उंचावर सुखरूप ठेवलेली गाडी इन्सुलिन आणि दूध कितीतरी दिवस थंड ठेवेल. ज्यांच्या घरी औषधं फ्रिजमध्ये असतात त्यांनी याचा ॲडॉप्टर किमतीत धरला आहे का ते आवर्जून विचारावं.

शेवटी तुम्ही कोणती घ्याल?

ज्येष्ठ माणसं रोज मागे बसत असतील, तर क्रेटा. सारखा लांबचा प्रवास असेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर कर्व्ह. दोन्ही लागू होत असेल तर मी मागच्या सीटला झुकतं माप देईन, कारण चार्जरवरची वीस मिनिटं महिन्यातून एकदा जातात आणि मान रोज वाकवावी लागते. बजेट ताणून मोठी बॅटरी घेण्यापेक्षा आधी तुमचा वर्षभराचा प्रवास लिहून काढा. मुंबई वर्षातून दोनदाच होत असेल, तर छोटी बॅटरी घेऊन उरलेले पैसे वायरिंगवर आणि विम्यावर घाला.

दसऱ्याला डिलिव्हरी हवी आहे. घाईत काय बघायचं राहून जातं?

दसऱ्याच्या सकाळी शोरूममध्ये वीस-पंचवीस गाड्या हार घालून उभ्या असतात, पेढे वाटले जात असतात, आणि कोणालाही तुमच्यासाठी वेळ नसतो. म्हणून तपासणी दोन दिवस आधी करा, दिवसाउजेडी, आणि पैसे पूर्ण भरण्याच्या आधी. चासी नंबर कोटेशनवरच्याशी जुळवा, बनावटीचा महिना बघा. गाडी यार्डात कित्येक महिने उभी असेल तर तसं बोलून किंमत कमी करून घ्या. स्टेपनी आहे की पंक्चर किट, तेही विचारा. टायरवर बोट फिरवा, रंगाला उन्हात तिरकं उभं राहून बघा.

मग सोबत मिळणारी चार्जिंगची केबल डबीतून काढून तिथेच लावायला सांगा आणि गाडी चार्ज घेते हे डोळ्यांनी बघा. क्रेटाचं झाकण पुढे नाकावर आहे, कर्व्हचं कुठे आहे ते शोरूममध्येच बघून घ्या. तुमच्या पार्किंगमध्ये गाडी ज्या बाजूने लागते तिथून केबल पोचेल का, हे टेप घेऊन घरी आधीच मोजलेलं असावं. भिंतीवरचा चार्जर बसवायला माणूस कधी येणार, ती तारीख डिलिव्हरीच्या आधीची घ्या. सणाच्या दिवसांत इन्स्टॉलेशनला आठवडेसुद्धा लागतात, आणि नवी गाडी दारात उभी असून प्लग नाही अशी पाळी येते.